‘पोरगी फार बोलते’ असं गाव म्हणतं तेव्हा

“मॅडम, पोरीला पुढं केलं की लोक नावं ठेवतात. मग तिला गप्प बसवू का?” वयात येणाऱ्या मुलींच्या आया मला हे वरचेवर विचारतात. त्यातल्या एका मायलेकींची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

मुलगी नववीतली. महिनाभर शाळेची वेळ झाली की पोट दुखायचं. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नव्हतं. मी तिला विचारलं की उत्तर आई द्यायची आणि ही ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. एकटीशी बोलले तेव्हा उलगडलं. शाळेतल्या मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं दार धरायचं. त्यापेक्षा मुली दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. हिनं बालसभेत उभं राहून ते सांगितलं. संध्याकाळी पारावर कुणी तरी वडिलांना म्हणालं, “लेक फार बोलायला लागली की तुमची.” त्या रात्री वडील तिच्याशी बोललेच नाहीत. “ओरडले असते तरी चाललं असतं,” ती म्हणाली.

पहिल्या भेटीत मी तिला “धीट हो” म्हणाले, आणि तिथेच चुकले. पुढच्या वेळी ती आणखी मिटून आली. धीट ती होतीच की! बोलल्यावर घरातलं कुणी पाठीशी उभं राहिलं नाही, हे तिचं दुखणं होतं. नेतृत्वाची शिबिरं जरूर घ्यावीत, पण शिबिराहून परतलेल्या मुलीला घरी काय ऐकावं लागतं, तिकडे आपण फार कमी बघतो.

वडिलांना बोलावलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तिचा राग नव्हता आला. मला तिथं उत्तर सुचलं नाही, त्याची लाज वाटली.” हेच लेकीला सांगा, म्हटलं. खाली बघत का होईना, त्यांनी सांगितलं. पारावर द्यायचं उत्तरही त्यांनीच शोधलं: “खरं तेच बोलली. दार बघून या.”

आईला विचारलं, ग्रामसभेला जाता का? “रजिस्टर घरी येतं, सही करते.” महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, हे तिला माहीत होतं. पण ग्रामसभेआधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी लागते, हे तिच्या गावीही नव्हतं. नववीतल्या मुलीला मत नाही, निवडणुकीला उभं राहायला २१ वर्षं पूर्ण लागतात. अर्ज लिहायला मात्र वयाची अट नाही. मग ठरलं, अर्ज लेकीनं लिहायचा आणि सभेत आईनं वाचायचा. लेकीला आधी विचारलं, तुझी तयारी आहे का? ती हो म्हणाली म्हणून. नाहीतर मी थांबले असते.

आई आळीतल्या सात जणींना घेऊन गेली. वाचताना दोनदा अडखळली, पण शेवटपर्यंत वाचला. कडी बसायला दीड महिना गेला. पोटदुखी त्याआधीच थांबली होती.

शेवटच्या भेटीत मुलीनं कंपासपेटीतून घडी घातलेला कागद काढला. अर्जाची प्रत, वर पंचायतीचा शिक्का.

“आई पोच न घेताच आली होती,” ती म्हणाली. “मी परत पाठवलं.”