नव्या डिस्क, नवे पॅड, तरी ब्रेक मारला की स्टेअरिंग का थरथरतं?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या डिस्क आणि पॅड बदलून अडीच महिने झाले, सुरुवातीला ब्रेक छान लागत होता, आणि आता ऐंशीच्या वरून ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात थडथडतं. गॅरेजवाला म्हणतो डिस्क वाकली, परत नवी टाका. इतक्यात पैसे काढू नका. ‘सुरुवातीला ठीक होतं’ हे तुमचं वाक्यच सगळ्यात कामाचं आहे.

मी मेकॅनिक नाही, भोसरीत टूलरूममध्ये लेथवर आयुष्य गेलं. माझ्या गाडीला हेच झालं तेव्हा मीही मुकाट्याने दुसरी जोडी टाकली. ती पण दोन महिन्यांत थरथरायला लागली, तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं आणि डायल (सुईने बारीक फरक दाखवणारा गेज) घरी आणला.

चाक ज्या फिरत्या भागावर आवळतात तो हब, आणि डिस्क त्या हबच्या सपाट तोंडावर, म्हणजे फेसवर, बसते. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातून गाडी कोकणात उभी असेल तर विचारूच नका, त्या फेसवर गंजाचे पापुद्रे धरतात. जुनी डिस्क हातोडीने ठोकून काढली, फेसवर फडकं मारलं आणि नवी चढवली की झालं काम, असं बहुतेक ठिकाणी चालतं. हबचा फेस साधारण 140 मिमी व्यासाचा धरा. त्याच्या एका कडेला 50 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा, पापुद्रा राहिला तर डिस्क तिरकी बसते, आणि बाहेरच्या कडेपाशी तोच फरक 80 मायक्रॉनच्या घरात जातो. कंपन्या साधारण 50 ते 100 मायक्रॉनपर्यंतच आऊट, म्हणजे फिरताना डिस्कचं डुलणं, चालवून घेतात.

मग पहिल्याच दिवशी का थरथरत नाही? कारण तरंगता कॅलिपर (पॅड धरून डिस्कला चिमटणारा भाग) पिनांवर सरकत डिस्कच्या मागेमागे जातो, तुम्हाला काही कळत नाही. पण ब्रेक सोडलेला असतानाही डिस्कचा पुढे आलेला भाग दर फेऱ्याला पॅडला घासून जातो. 3000 किलोमीटरमध्ये चाक साधारण पंधरा लाख फेरे मारतं. तेवढ्यात डिस्क तेवढ्याच जागी झिजते, एकीकडे जाड, एकीकडे बारीक. जाडीतला हा फरक 15-20 मायक्रॉनचा झाला तरी पुरतो, कारण आता पॅड दाबणारा कॅलिपरचा पिस्टन दर फेऱ्याला मागे ढकलला जातो. ऐंशीच्या वेगाला चाक सेकंदाला अकरा वेळा फिरतं. तेच धक्के तुमच्या हाताला लागतात. डिस्क वाकलेली नसते, ती जागच्या जागी वाकडी झिजलेली असते.

डायल लावण्याआधी थोडी छाननी करा. ब्रेक न लावताही थरथरत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग बघा, ब्रेकच्या नादी लागू नका. मागे ड्रम आणि लिव्हरवाला हँडब्रेक असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगाला लिव्हरचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. तेव्हा सीट थरथरली तर दोष मागच्या ड्रममध्ये आहे. पेडल मऊ लागत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर मात्र गाडी चालवूच नका.

आता खरी परीक्षा. गाडी घोडीवर घ्या, चाक काढा, आधी बेअरिंग हलत नाही ना (प्ले नाही ना) बघा. वॉशर घालून सगळे नट डिस्कवर आवळा. डायल सस्पेन्शनच्या भक्कम भागावर बसवून कडेपासून 10 मिमी आत टेकवा आणि हाताने फिरवा. माझा आला 130 मायक्रॉन. उंच जागेवर खडूने खूण केली, डिस्क काढून एक भोक पुढे सरकवून बसवली. उंचवटा डिस्कबरोबर सरकला तर दोष डिस्कचा, हबपाशीच राहिला तर हबचा. माझा हबपाशीच राहिला. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने फेस चकचकीत केला, स्टडच्या मुळाशी तर छिन्नीने खरवडावं लागलं. परत डायल लावला: 30.

पण एवढ्याने थरथर जात नाही, जाडीतला फरक झालेलाच असतो. मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी जाडी मोजा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते; तेवढी शिल्लक राहत असेल तर लेथवर हलका कट मारून घ्या, दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये. टर्नर उलटीपालटी करून दोनदा पकडणार असेल तर दुसरा टर्नर शोधा.

कॅलिपरच्या पिना बोटाने सरकतात का बघा. सरकत नसतील तर ब्रेकचंच ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. मग साठवरून वीसपर्यंत, न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा आणि थोडी गाडी चालवून डिस्क निवू द्या. खंबाटकी उतरून तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून टोलला उभं राहू नका, पॅडचा छाप तिथेच उमटतो.

आणि चाकाचे नट. पंक्चरवाले हवेच्या गनने एक नट मरणाचा आवळतात, शेजारचा ढिला सोडतात; त्यानेही डिस्क तिरकी ओढली जाते. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) माझ्या डिकीतच असतो. परवा टायर बदलल्यावर मी पंक्चरवाल्यासमोर सगळे नट सैल करून समोरासमोरच्या क्रमाने परत आवळले. तो पोऱ्याला म्हणाला, “काकांना बसायला स्टूल दे रे.”