फोर्कलिफ्ट आणि पॅलेट ट्रक चालणाऱ्या गोडाऊनसाठी कोणतं रबर फ्लोअरिंग टिकेल?

तुमचं गोडाऊन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आहे, मशीनिंग झालेले कास्टिंग ठेवता, ३ टनी फोर्कलिफ्ट आणि हँड पॅलेट ट्रक दिवसभर चालतात, कोब्याची धूळ उडते, आणि विक्रेता म्हणतोय की १० मिमीच्या काळ्या रबर मॅट सगळीकडे अंथरा. कृपा करून तसं करू नका. गाडी जिथून धावते तिथे चांगला कोबाच हवा. रबर फक्त जिथे माल खाली ठेवला जातो, माणसं तासन्‌तास उभी राहतात किंवा फिनिश झालेला भाग पडून खराब होतो तिथे टाका.

तुम्हाला दाखवलेल्या मॅट बहुतेक जुन्या टायरच्या चुऱ्याच्या, पॉलियुरेथेनने बांधलेल्या असणार. व्यायामशाळेत त्या उत्तम चालतात. भरलेल्या फोर्कलिफ्टचा मात्र ८५ ते ९० टक्के भार पुढच्या चाकांवर येतो. ३ टनी गाडी पूर्ण भरली की प्रत्येक बाजूला तीन टनांच्या वर. त्यात गाडी मागच्या चाकांनी वळते. जागच्या जागी वळवली की ती चाकं मॅटवर रगडतात आणि चुरा सुटायला लागतो. मॅट नुसत्या अंथरलेल्या असतील तर सांध्यांवर त्या सरकून उचलल्या जातात.

तरीही मी पहिला विचार पॅलेट ट्रकचा करेन. त्याचे फोर्कखालचे रोलर जेमतेम ८० मिमी व्यासाचे आणि नायलॉनचे असतात, आणि दीड-दोन टन माल त्यांच्यावर असतो. मऊ रबरात रोलर रुततो, पुढे रबराची उंच कड तयार होते आणि प्रत्येक ढकलीला हमाल ती कड चढवत असतो. गाडी जड होते, शेवटी दोन माणसं लावावी लागतात. म्हणून जाडी वाढवून प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. इथे कडकपणा लागतो. शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप, आकडा जास्त तितकं रबर कडक) ८५ च्या आसपासची, पूर्ण व्हल्कनाइज केलेली (उष्णतेने पक्की केलेली) ६ ते ८ मिमीची शीट घ्या. ६०-६५ ची घेऊ नका. नायलॉनऐवजी पॉलियुरेथेनचे रोलर बसवले तर फरक लगेच जाणवतो.

कास्टिंगवर कटिंग ऑइल असतं आणि फोर्कलिफ्टमधून हायड्रॉलिक तेल गळतंच. नैसर्गिक रबर आणि एसबीआर हे कृत्रिम रबर तेलाने फुगतात, ईपीडीएम हे दुसरं कृत्रिम रबरही तेलात टिकत नाही. तेल पडणाऱ्या जागी नायट्राइल, म्हणजे तेलाला टिकणारं रबरच मागा. बिलावर 'नायट्राइल' लिहिलेलं पुरेसं नाही. तुकड्यावर तुमचंच तेल ओता, दोन दिवस ठेवा, आधी आणि नंतर व्हर्नियरने जाडी मोजा. फुगला किंवा बोटाला काळं लागलं तर परत करा.

वजनाने बरंच कळतं. ३० × ३० सेंमी, १० मिमी जाडीचा तुकडा ९०० घनसेंमी भरतो. चांगल्या शीटचा तो साधारण १.२ ते १.३५ किलो भरेल, चुऱ्याच्या मॅटचा ९०० ग्रॅमच्या आसपास. दीड किलोच्या पुढे गेला तर त्यात खडू-मातीची भर जास्त आहे. अशी शीट वाकवली की चिरते. शेवटची परीक्षा म्हणजे भरलेला पॅलेट ट्रक नमुन्यावर रात्रभर उभा करा. सकाळी काढल्यावर खड्डा संध्याकाळपर्यंत भरून आला नाही तर तो माल तुमच्यासाठी नाही.

आता खालचा कोबा. स्क्रू-ड्रायव्हरने ओरखडा काढा. सहज खोल रेघ उमटली तर वरचा थर मेलेला आहे आणि गोंद त्याच थराला घेऊन उखडेल. आधी ग्राइंडिंग करून पक्का थर उघडा करा. शहाबादी असेल तर त्यावर चिकटवूच नका, फरश्या हलतात. गाडीच्या वाटेवर कोबा फारच गेला असेल तर तो फोडून १५० मिमी एम-३० ताकदीचं ट्रिमिक्स (व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घेतलेलं काँक्रीट) करा, वर फ्लोअर हार्डनर (पृष्ठभाग कडक करणारी पूड) चौरस मीटरला ५ किलो.

ओलावा आपल्याकडे सगळ्यांना फसवतो. कोब्याखाली प्लॅस्टिक नसेल तर जुलैत ओल वर येते आणि शीटखाली फुगे धरतात. मार्चमध्ये तपासलं तर सगळं कोरडं दिसतं. म्हणून तपासणी पावसाळ्यात आणि काम उन्हाळ्यात. अर्ध्या मीटरचं जाड प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा. आतून थेंब किंवा खाली काळपट डाग दिसला तर आधी एपॉक्सीचा ओलावा-रोधक थर द्या. नवा कोबा किमान २८ दिवस वाळू द्या, आणि तोही याच तपासणीतून गेला पाहिजे.

शीट पूर्ण चिकटवा, नुसत्या कडांना नको. दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद, दातेरी थापीने, चौरस मीटरला साधारण एक किलो, आणि वरून जड रोलर. रॅकचे पाय रबरावर उभे करू नका. तिथे शीट कापून बेसप्लेट थेट कोब्यावर बोल्ट करा, नाहीतर भाराने पाय असमान खचतात. विस्तार-सांध्यांवरून शीट सरळ ओढू नका, सांधा तसाच वर आणा. रबर संपतं तिथे उतरती धातूची पट्टी स्क्रूने बसवा, कारण शीट सगळ्यात आधी त्या उघड्या कडेपासूनच उचलली जाते. माणसांना २४ तासांनी, गाड्यांना ७२ तासांनी सोडा.