‘बिलोरी’चा बेल्जियमशी काडीचाही संबंध नाही

सोलापूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. घरात मांडायला ते जुन्या काचेच्या वस्तू जमवतात: हंड्या, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, झुंबरांचे सुटे लोलक. पेठेतल्या दुकानदाराने त्यांना एक लाल हंडी दाखवून सांगितलं, “ही बिलोरी. म्हणजे बेल्जियमची. बेल्जियमचंच बोलता बोलता बिलोर झालं.” हे खरं का, आणि लिहायचं ‘बिलोरी’ की ‘बिल्लोरी’?

साफ खोटं. मंगळवार पेठेपासून पूर्व भागापर्यंत ही व्युत्पत्ती मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती खोडून काढायलाच हवी. बेल्जियम हा देश जन्मला १८३० साली. अल्-बिरुनी हा विद्वान अकराव्या शतकात रत्नांबद्दल लिहिताना ‘बिल्लौर’चं वर्णन करून गेला. देशाच्या आधी आठशे वर्षं त्याच्या नावाचा अपभ्रंश कसा काय होईल? बेल्जियमची काच नामांकित होती, हे कबूल. तिथला व्हाल सँ लाँबेर हा प्रसिद्ध कारखाना तर १८२६ चा, देशापेक्षाही चार वर्षांनी मोठा. पण आपल्याकडे येणारं सगळं तिथलं नव्हतं. बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशातला माल येई, इंग्लंडचा येई. बर्मिंगहॅमचे ऑस्लर तर संस्थानिकांसाठी झुंबरं घडवत. जुनं दिसलं की ‘बेल्जियम’ म्हणायची सवय दुकानदारांनी सोडावी.

हंडी, झुंबर, अत्तरदाणी हे शब्द कोशात सापडतील, त्यांत वेळ घालवत नाही. लोलकाबद्दल मात्र एक वाक्य: ‘लोल’ म्हणजे हलणारा, झुलणारा, म्हणून झुंबराचा तो पैलूदार तुकडाही लोलक आणि घड्याळाचा लंबकही लोलक. इतका नेमका शब्द असताना त्याला ‘क्रिस्टल’ का म्हणायचं?

आता बिलोर. मूळ अर्थ काच नव्हेच, स्फटिक. आपल्याकडे हा शब्द फारसीतून आला, अरबीतही तो आहे. त्याच्या मागे जात राहिलं की ग्रीक ‘बेरुल्लोस’ (इंग्रजीतलं ‘बेरिल’ हे रत्न) भेटतो, आणि त्याच्याही मागे प्राकृतातला ‘वेरुलिय’, पालीतला ‘वेळुरिय’, संस्कृतातलं ‘वैडूर्य’. म्हणजे शब्द इथून रत्नांबरोबर पश्चिमेला गेला आणि वेश पालटून इराणमार्गे परत आला. तमिळ मुलखात कांगेयमजवळ पडियूरला या रत्नाच्या खाणी होत्या, आणि त्याच कोइंबतूर पट्ट्यात रोमन नाणी सापडतात. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की हे रत्न भारताबाहेर क्वचितच मिळतं. आणि लगेच तक्रार करतो की भारतीय लोक स्फटिकाला रंग देऊन नकली वैडूर्य खपवतात! जर्मनांनी याच शब्दावरून चष्म्याला ‘ब्रिले’ म्हटलं, कारण त्यांची सुरुवातीची भिंगं नितळ काचेची नसून खड्यांची असत.

मग वैडूर्य कुठून आला? इथे माझं शास्त्रीमंडळींशी पटत नाही. पाणिनीचं सूत्र आहे, ‘विदूराञ्ञ्यः’: विदूर या ठिकाणाहून आलेलं ते वैदूर्य, म्हणजे आपलं वैडूर्यच. ते पुढे करून मंडळी चर्चा संपवतात. पण त्यांनी पाणिनीवरचं पतंजलीचं भाष्य उघडून बघावं. तिथेच शंका काढली आहे की हा मणी विदूरात निघत नाही, निघतो वालवाय पर्वतात. विदूरात त्याच्यावर फक्त संस्कार होतात. त्यावर तोड काय, तर व्यापारी जसे वाराणसीला ‘जित्वरी’ म्हणतात, तसे वैयाकरण वालवायाला विदूर म्हणतात असं समजा! पतंजलीसारख्या माणसाला एवढी कसरत करावी लागते, याचाच अर्थ शब्द आधी होता आणि व्युत्पत्ती मागाहून बसवली.

माझ्या मते मूळ द्राविडी आहे, आणि ते सोलापूरकराला शोधायला लांब जायला नको. शेजारच्या कानडी घरात उजेडाला ‘बेळकु’ म्हणतात, पांढऱ्याला ‘बिळि’, चांदीला ‘बेळ्ळि’. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलुगूत उजेड म्हणजे ‘वेलुगु’. तमिळमध्ये ‘वेळ्’ म्हणजे पांढरं, लख्ख. हे सगळं एकच कूळ. खाणी दक्षिणेत, पालीतला शब्द ‘वेळुरिय’, त्यातला तो ठसठशीत ‘ळ’: लख्ख खड्याला लख्ख म्हटलं, इतकं सरळ आहे ते. वेलूर किंवा बेलूर गावावरून नाव पडलं असं म्हणणारेही आहेत. पण गावाचं नाव हाती आलं की शोध थांबवायचा, ही सूत्रवाल्यांचीच चूक ते पुन्हा करतात.

कोणी म्हणेल, वैडूर्य म्हणजे लसण्या, मांजराच्या डोळ्यासारखा खडा, त्याचा नितळ स्फटिकाशी काय संबंध? नवरत्नांच्या यादीत आज तो लसण्या आहे, खरं. पण रत्नांची नावं एका खड्यावरून दुसऱ्यावर सरकतच आली आहेत. ग्रीकांनी हाच शब्द हिरवट-निळसर खड्याला लावला, अरबांनी बिनरंगी स्फटिकाला, आपण काचेला. ‘बिलोरी ऐना’ म्हणताना स्फटिकाचा आरसा कोणाच्याच मनात नसतो. नितळ, बिनरंगी काच तो बिलोरी, हा अर्थ मराठीत मुरला आहे आणि मला तो मान्य आहे. म्हणूनच लाल हंडीला बिलोरी म्हणणं मला खटकतं. ती सुरेख असेल, जुनीही असेल, पण बिलोरी नव्हे.

आणि जुनी आहे का, हे नावावरून ठरवूच नका. बूड उलटं करून बघा. फुंकून केलेल्या बऱ्याच वस्तूंच्या बुडाखाली, घडवताना वस्तू जिच्यावर धरतात ती सळई तोडल्याचा खडबडीत वण असतो, किंवा तो घासून गुळगुळीत केलेला खळगा. खरोखर वापरलेल्या वस्तूच्या बुडावर बारीक ओरखडे वेगवेगळ्या दिशांना गेलेले असतात. सगळे एकाच दिशेने असतील तर कोणीतरी कानसपेपर फिरवला आहे. तळाशी ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर वस्तू १९१८ नंतरची, कारण तो देशच तेव्हा जन्मला. आणि काचेत बुडबुडा दिसला तर बहुधा तो स्फटिक नाही, काच आहे.

बिलोरी की बिल्लोरी? मूळ ‘बिल्लौर’मध्ये ल दुहेरी आहे, म्हणून बिल्लोरी चूक म्हणता येणार नाही. पण मराठी कानाला एक ल पुरतो. मी बिलोरी लिहितो, तुम्हीही तेच लिहा.