वाचक विचारतात : सेव्हन सिस्टर्सची एका दिवसाची चाल

प्रश्न : जुलैत लंडनला मुलाकडे जाणार आहोत. इंग्लंडच्या किनारी पायवाटेचा सीफर्ड ते ईस्टबोर्न हा टप्पा एका दिवसात होतो का? दोघांची वय साठीच्या आसपास, सिंहगड महिन्यातून दोनदा चढतो. – ठाणे

उत्तर : होतो. याच टप्प्यात सेव्हन सिस्टर्स, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची खडूच्या पांढऱ्या कड्यांची रांग लागते. अंतर सुमारे २२ किलोमीटर, थांबे धरून सात-आठ तास. सलग मोठा चढ नाही. पण टेकडी चढा, उतरा, पुन्हा चढा, हे इतक्यांदा होतं की दमापेक्षा गुडघे आधी बोलू लागतात. (नाव सात बहिणींचं, माथे मोजले तर आठ भरतात.) त्यामुळे काठ्या न्याच.

लंडन व्हिक्टोरियाहून लुइसला गाडी बदलून सीफर्ड, परतताना ईस्टबोर्नहून थेट व्हिक्टोरिया. सुरुवात सीफर्डकडूनच करा. तिथे वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा असतो, तो पाठीशी राहतो. ईस्टबोर्नच्या अलीकडच्या शेवटच्या कड्याची, बीची हेडची, १६२ मीटर उंची ऐकून घाबरू नका, तोवर बराचसा चढ झालेला असतो. पण तिथून उतरल्यावर चाल संपली असं समजू नका. स्टेशनपर्यंत अजून पाऊण तास लागतो.

गुडघे कुरकुरत असतील तर ब्रायटन-ईस्टबोर्न मार्गावरच्या १२ नंबरच्या बसने ककमिअर नदीच्या पुलाजवळच्या एक्सीटला उतरा आणि तिथून निघा. चाल १४ किलोमीटरवर येते आणि सातही बहिणी भेटतात.

प्रश्न : नकाशावर ककमिअर नदीच्या मुखाशी वाट तुटलेली दिसते. ओहोटीला नदी पार करता येते का? – पुणे

उत्तर : लोक करतात, तुम्ही करू नका. मुखाशी गोट्यांचा बांध आहे, पायाखालचे गोटे सरकतात आणि पाण्याला ओढ असते. सरळ आत वळून एक्सीटच्या पुलावरून जा. जाऊन-येऊन चार किलोमीटरचा वळसा पडतो. वरचे २२ किलोमीटर तो धरूनच आहेत. वळसा वाया जात नाही : पुलाजवळ स्वच्छतागृह आणि खाण्यापिण्याची सोय आहे. बाटल्या इथेच भरा, पुढचं पाणी थेट सात बहिणी संपतात तिथल्या बर्लिंग गॅपला. मधल्या टेकड्यांवर ना झाड ना आडोसा, म्हणून माणशी दोन लिटर हवंच.

कड्याखालच्या किनाऱ्याने बर्लिंग गॅपला जायचा मोह टाळा. भरती कड्याला भिडते आणि मध्ये वर यायला वाट नाही.

प्रश्न : कड्याच्या टोकावर पोटावर झोपून खाली बघता येईल ना? हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला आम्ही तसंच करतो. – नाशिक

उत्तर : नाही. कोकणकडा बेसॉल्टचा, हा खडूचा. शाळेतला पांढरा खडू नखाने खरवडला जातो, तसलाच दगड. लाटा तळ पोखरतात, वरचा भाग अधांतरी राहतो आणि कोरड्या, निरभ्र दिवशीसुद्धा न सांगता ढासळतो. वरून गवत अगदी शाबूत दिसतं, खाली पोकळी आहे हे टोकावर उभ्या माणसाला कळायला मार्गच नाही. वाटेवरचं बेल टूट दीपगृह १८३०च्या दशकातलं; कडा त्याच्या पायाशी येऊन ठेपला, तेव्हा १९९९ साली अख्खी इमारत १७ मीटर आत सरकवावी लागली. कडेपासून किमान पाच मीटर दूर राहा, फोटोसाठी तर आणखीच. कड्याचा सर्वांत छान देखावा टोकावरून नव्हे, नदीच्या अलीकडून, तटरक्षकांच्या जुन्या घरांपाशी दिसतो.

पोंचो नेऊ नका, वाऱ्यात शिडासारखा फुगतो. अंगाबरोबर बसणारं जाकीट बरं. पाऊस पडून गेला असेल तर उघड्या खडूवर पाय साबणावर ठेवल्यासारखा घसरतो, तेव्हा उतारावर वाटेलगतच्या गवतावरून, समुद्राच्या उलट बाजूने चाला. कोणी खाली अडकलेलं दिसलं तर स्वतः उतरू नका, ९९९ हा तिथला आपत्कालीन नंबर लावून ‘कोस्टगार्ड’ मागा.