जुन्या पद्मिनीच्या इंजिनातून आवाज येत असेल, तर लगेच बोअर करून घ्यावे का?

आपली १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी सकाळी सुरू केल्यावर टिकटिक करते, घाट चढताना खटखट असा जड आवाज देते आणि गॅरेजमध्ये इंजिन उतरवून बोअर करण्याचा (म्हणजे सिलिंडरची झिजलेली आतली भिंत कापून रुंद करण्याचा) सल्ला मिळाला आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते हा सल्ला इतक्यात मानू नये. हे दोन आवाज एकाच कारणाचे असतीलच असे नाही, आणि टिकटिकीचा बोअरशी संबंध असण्याची शक्यता कमी आहे.

पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडवणारा फिरता दांडा) ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात, असते आणि व्हॉल्व्ह पुशरॉड (ढकलणारी दांडी) व रॉकर (डुलणारी तरफ) यांच्या साहाय्याने उघडतात. कॅमशाफ्ट क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरते; म्हणून आयडलिंगला क्रँकचे मिनिटाला ८०० फेरे होत असतील, तर सैल झालेला एक टॅपेट (म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधील फट वाढलेला जोड) ४०० वेळा वाजतो. इंजिन चालू असताना रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये फीलर गेजचे (फट मोजण्याच्या साधनाचे) पातळ पाते हलकेच सरकवून पाहावे. ज्या ठिकाणी टिकटिक दबते, तोच टॅपेट सैल आहे. मात्र एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातील धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) गॅस्केट फुटले असले तरी हुबेहूब असाच आवाज येतो आणि धातू तापून प्रसरण पावला की तो बहुधा कमी होतो. माझ्या स्वतःच्या गाडीत मी तीन वेळा टॅपेट लावले आणि त्यानंतर कुठे मॅनिफोल्डच्या जोडावरची गळतीची काजळी माझ्या लक्षात आली, म्हणून ती जागा आधी पाहावी, असे मी आग्रहाने सांगतो.

घाटातील आवाज अधिक गंभीरपणे घ्यावा. पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवल्यासारखा तो वाटत असेल, तर डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) किंचित फिरवून इग्निशन थोडे मागे घ्यावे, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल. तेवढ्याने आवाज गेला, तर दोष टायमिंगचा आहे. ठोका घन असेल, तर इंजिन गरम करून एकेका प्लगची वायर काढावी (वायरचे टोक इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवावे आणि पकड इन्सुलेटेड असावी). एखाद्या सिलिंडरची वायर काढताच ठोका स्पष्टपणे मंदावला, तर त्या सिलिंडरच्या बिग एंड बेअरिंगवर (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथल्या बेअरिंगवर) संशय घ्यावा आणि गाडी मुळीच चालवू नये, कारण बेअरिंग निकामी झाल्यास क्रँक खराब होतो आणि कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकही फुटू शकतो. डॅशबोर्डवरील दिवा विझलेला आहे, एवढ्यावरून ऑइल प्रेशर पुरेसे आहे असे मानू नये. तात्पुरता यांत्रिक गेज बसवून इंजिन पूर्ण तापल्यावर प्रेशर मोजावे. थंड इंजिनात पोकळ वाजणारा आणि तापल्यावर मिटणारा आवाज मात्र पिस्टन सैल झाल्याचा असतो. तशी गाडी जपून चालवल्यास बराच काळ साथ देते.

बोअरचा प्रश्न यानंतर येतो. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) मोजावे. ज्यात ते कमी भरेल, त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर झिजले आहेत, जवळपास तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे. मूळ बोअर ६८ मिलिमीटरचा आहे आणि सर्वांत वरची रिंग जिथून परत फिरते, तिथे ऑइलचा थर सर्वांत पातळ असल्यामुळे झीज सर्वाधिक होते. म्हणून हेड उघडावेच लागले, तर प्रत्येक सिलिंडरचे वरचे आणि खालचे माप गॅरेजकडून लिहून घ्यावे आणि ते आकडे पाहूनच बोअर करण्यास संमती द्यावी.