७० पाहुणे, एप्रिलची दुपार, नाशिक: कोल्ड्रिंकचा गॅस टिकवायचा कसा आणि काय किती आणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एप्रिलमध्ये घरच्या गच्चीवर मुंजीनंतरचा कार्यक्रम आहे, माणसं साधारण ७०. मागच्या वेळी सव्वादोन लिटरच्या बाटल्या आणल्या, त्यातलं निम्मं पेय पाणचट होऊन मोरीत गेलं. बर्फ टाकला की नुसता फेस यायचा. आता काय आणावं, किती आणावं, आणि लिंबू सोडा घरीच करता येईल का?

करता येईल, आणि जरूर करा. पण आधी गॅसचं बघू, कारण तुमची अडचण पेयाची नसून तापमानाची आहे. उघड्या ग्लासात ५ अंश तापमानाचं एक लिटर पाणी सुमारे १.४ लिटर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवू शकतं. २० अंशाला ते ०.९ लिटरच्या आसपास येतं आणि ३५ अंशाला जेमतेम ०.६ लिटर. कारखान्यात कोलाच्या एका लिटरमध्ये साडेतीन ते चार लिटर गॅस कोंबलेला असतो. झाकण उघडलं की जास्तीचा गॅस बाहेर पडणारच, तो किती वेगाने पडतो हे पेय किती गार आहे त्यावर ठरतं. कोमट बाटली उघडून ग्लासात बर्फ टाकला तर दोन्हीकडून नुकसान: बर्फ पेय गार करेपर्यंत गॅस निघून गेलेला असतो आणि वितळलेला बर्फ चव पातळ करतो. म्हणून बाटली उघडण्याआधीच पूर्ण गार हवी. ग्लासातल्या बर्फाने गार करायचं काम करवून घेऊच नका.

घरच्या फ्रिजवर भिस्त ठेवू नका. साध्या २५० लिटरच्या फ्रिजमध्ये आदल्या रात्री ३० बाटल्या कोंबल्या तर सकाळी त्या फार तर माठातल्या पाण्याइतक्या गार असतात, आणि आतलं दूध नासायची भीती वेगळीच. फ्रीजरचा मार्ग तर घेऊच नका. पेय गोठू लागलं की बर्फात गॅस मावत नाही, तो बाहेर ढकलला जातो. अशी बाटली उघडली की अर्धी फसफसून सांडते आणि उरलेली बेचव लागते.

बर्फाच्या पाण्याचा टब हा खरा उपाय. नुसत्या बर्फावर ठेवलेली बाटली दोन-चार ठिकाणीच टेकते. बर्फ आणि पाणी एकत्र असेल तर ती सगळ्या बाजूंनी गार होते. ५० लिटरचे दोन टब घ्या, प्रत्येकात १० लिटर पाणी, १० किलो फोडलेला बर्फ आणि एक-दोन मुठी जाडं मीठ. यापेक्षा जास्त मीठ घालू नका, पाणी शून्याच्या बरंच खाली गेलं तर सगळ्यात आधी साधा सोडा गोठतो. ७५० मिलीची बाटली अधूनमधून फिरवली तर ४० मिनिटांत प्यायच्या जोगी होते, सव्वादोन लिटरच्या बाटलीला तास-सव्वा तास लागतो. २५ लिटर पेय ३५ अंशांवरून ४-५ अंशांवर आणायला हिशेबाने १० किलोच्या आत-बाहेर बर्फ वितळावा लागतो. पण टबातलं पाणी, बाहेरची झळ आणि बर्फ फोडताना होणारं नुकसान धरून दुप्पट, म्हणजे २० किलो सांगा. टब सावलीत ठेवा आणि वर ओलं गोणपाट टाका.

हा लादीचा बर्फ बाटल्यांच्या बाहेरच राहू द्या, ग्लासात टाकू नका. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळायचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला तो याचसाठी. ज्यांना ग्लासात बर्फ हवाच असेल त्यांच्यासाठी खाण्याच्या बर्फाच्या दोन-तीन पिशव्या वेगळ्या आणा, किंवा आठवडाभर आधीपासून घरच्या ट्रेमधला बर्फ साठवत जा. हा बर्फ ग्लासात टाकण्याआधी गार पाण्याने विसळून घ्या. कोरड्या बर्फाच्या खरखरीत पृष्ठभागावर बुडबुडे भराभर धरतात, ओला बर्फ गुळगुळीत असतो. तुमच्या फेसाचं अर्धं कारण हेच आहे. उरलेलं अर्धं म्हणजे ग्लास. कागदी कपाचा आतला भाग बारीक खडबडीत असतो. स्टीलचे पेले सगळ्यात चांगले, भांड्यांच्या भाड्यात ते सहज मिळतात. प्लास्टिकच्या पातळ ग्लासांचा विचार मनात असेल तर सोडून द्या, १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या ग्लासांवर देशभर बंदी आहे. ओतताना पेला तिरका धरून धार कडेवरून सोडा.

आता किती आणायचं ते. तीन तासांचा कार्यक्रम आणि असं ऊन असेल तर माणशी २०० मिलीचे दीड पेले धरा, म्हणजे २१ लिटर. त्यावर थोडं जास्तीचं धरून २५-२६ लिटर. माझ्या मते यातलं १० लिटरच बाटलीबंद कोल्ड्रिंक असावं, म्हणजे ७५० मिलीच्या १४ बाटल्या. बाकी सगळं घरचा सोडा. मोठी बाटली लिटरमागे स्वस्त पडते हे खरं, पण ती अर्धी उघडी राहते आणि उन्हात तापते. ७५० मिलीची बाटली तीन-चार पेल्यांत एका दमात संपते. फेकून दिलेलं पेय हिशेबात धरलं तर लहान बाटलीच स्वस्त. घेताना तयार केल्याची तारीख बघा. प्लास्टिकच्या बाटलीतून गॅस हळूहळू झिरपत असतो, आणि बाटली जितकी लहान तितका जास्त. दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या पेट्यांमधल्या तीन महिने जुन्या बाटल्या झाकण न उघडताच मवाळ झालेल्या असतात. बाटली दाबून बघा, दगडासारखी कडक लागली पाहिजे. काचेच्या बाटलीला ही अडचण नाही, म्हणून तिच्यातलं कोल्ड्रिंक जास्त झणझणीत लागतं असं लोक म्हणतात ते उगीच नाही.

कोणतं घ्यावं? मोठ्यांच्या गर्दीत थम्स अप आधी संपतं, असं धरून चला. कोका-कोलाने १९७७ साली देश सोडला तेव्हा पार्ले कंपनीच्या चौहान बंधूंनी ते बाजारात आणलं. १९९३ साली परत आल्यावर कोका-कोलाने ते लिम्का, गोल्ड स्पॉटसकट विकतच घेतलं, आणि तरी ते बंद पडलं नाही. त्या तिखटसर, मसालेदार चवीची महाराष्ट्रात एक पिढी तयार झाली आहे. लहान मुलांसाठी मात्र कोला नको, त्यात कॅफिन असतं. त्यांना लिंबाचं किंवा संत्र्याचं द्या. आणि जेवणात मिसळ असेल तर तिच्यासोबत कोणतंही गॅसवालं पेय मांडू नका. काळ्या रश्श्याने जीभ पोळलेली असताना गॅसची चुणचुण त्यात भरच घालते. मिसळीला ताकच हवं, त्यातलं प्रथिन तिखट धुऊन काढतं.

लिंबू सोड्याचं ५० पेल्यांचं प्रमाण देतो. अर्धा लिटर पाण्यात २० ग्रॅम भाजून भरडलेलं जिरं पाच मिनिटं उकळा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. गाळलेलं पाणी पुन्हा अर्धा लिटर भरेल एवढं साधं पाणी घाला, त्यात एक किलो साखर विरघळवा, दोन मिनिटं उकळी येऊ द्या. गरम असतानाच ३० ग्रॅम काळं मीठ आणि १० ग्रॅम साधं मीठ घालून ढवळा. पूर्ण गार झाल्यावर ७५० मिली गाळलेला लिंबाचा रस आणि ५० मिली आल्याचा रस घाला. एप्रिलमध्ये लिंबं महाग असतात आणि रसही कमी निघतो, म्हणून ३५-४० लिंबं धरा. पंचवटीच्या बाजार समितीत सकाळी लवकर गेलात तर भाव बरा मिळतो. पातळ सालीची, हाताला जड लागणारी निवडा. रस गरम पाकात घातला की ताजा वास जातो, आणि साल फार पिळली की कडू उतरतो. हा घोळ साधारण १.९ लिटर होतो. पेल्यात त्याचा ४० मिली आणि वरून १६० मिली गार सोडा. एका पेल्यात २० ग्रॅम साखर जाते, म्हणजे कोल्ड्रिंकइतकीच. कमी गोड हवा असेल तर साखर ७५० ग्रॅम घ्या, पण मग घोळ पेल्याला ३५ मिलीच पुरे.

मसाला आधीच उकळून गाळायचा आणि मीठ पाकातच विरघळवायचं, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. सोड्यावर वरून चाट मसाला भुरभुरला की फेसाचा डोंगर येतो. ती काही रासायनिक क्रिया नाही, प्रत्येक कणावर बुडबुडे धरतात आणि पाच सेकंदांत तुमचा सगळा गॅस निघून जातो. म्हणून क्रमही हाच ठेवा: आधी घोळ, मग सोडा, शेवटी लांब चमच्याने तळापासून एकदाच हलकं ढवळणं. खायचा सोडा घालून फसफस आणायची युक्ती लोक सांगतात, ती करू नका. त्याने लिंबाचा आंबटपणाच मरतो आणि मागे साबणासारखी खारट चव उरते.

नाशिकला राहून द्राक्षांचा सोडा केला नाही तर हळहळ वाटेल, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत काळी द्राक्षं मिळतात. दोन किलो काळी बिनबियांची द्राक्षं घ्या. हिरवी नकोत, रस मातकट दिसतो. औषध फवारणीचा अंश जावा म्हणून लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून १५ मिनिटं भिजवा, मग दोन-तीनदा वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. कुस्करून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा, उकळू देऊ नका. सालीचा रंग रसात उतरला की फडक्यातून गाळा, साधारण लिटरभर रस निघेल. त्यात अर्धा किलो साखर आणि १० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तळाशी वाळूसारखे खडे दिसतील. घाबरू नका, ते द्राक्षातल्याच आम्लाचे क्षार आहेत. वरचा रस अलगद दुसऱ्या भांड्यात घ्या, तळ ढवळू नका, कारण हे खडे आणि गर पेल्यात गेले की पुन्हा तोच फेस. यात ३० पेले होतात, प्रमाण लिंबू सोड्याचंच. लिंबाचा घोळ आदल्या संध्याकाळी करा, दुसऱ्या दिवशीच संपवा. द्राक्षाचा तीन-चार दिवस फ्रिजमध्ये टिकतो.

दोन्ही मिळून १३ लिटर सोडा लागेल, म्हणजे ७५० मिलीच्या १८ बाटल्या, दोन हाताशी जास्तीच्या. घरी सोडा मशीन असेल तर फक्त साध्या, फ्रिजमधल्या पाण्यातच गॅस भरा. पाकात किंवा रसात भरला तर नळी चिकटते आणि सगळं ओट्यावर येतं. ७० माणसांच्या कार्यक्रमाला मात्र विकतच्या बाटल्याच बऱ्या, एकेक लिटर भरत बसायला वेळ नसतो. मधुमेहाच्या पाहुण्यांसाठी साधा गार सोडा, लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ वेगळं ठेवा, आणि तसं आपणहून सांगा.

उरलेल्या बाटलीचं: झाकण लावण्याआधी ती चेपून हवा काढण्याची सवय असेल तर मोडा. चेपलेली बाटली फुगायला बघते आणि ती जागा भरायला पेयातलाच गॅस बाहेर येतो. न चेपता झाकण घट्ट लावा, लगेच टबात परत ठेवा.

पाहुण्यांना मजा म्हणून गोटी सोड्याचा एखादा क्रेट सांगणार असाल तर सांगाच, मुलं त्याच्याभोवतीच राहतील. हायरम कॉड या इंग्रज माणसाची ही बाटली १८७२ सालची. आतल्या गॅसचा दाबच गोटीला रबराच्या कड्यावर दाबून धरतो, म्हणून गोटी खाली पडलेली किंवा सैल हलणारी बाटली तिथल्या तिथे परत करा, तिच्यात गॅस नाही. रबर काळपट, चिकट झालेलं नको, आणि क्रेट देणाऱ्याकडे अन्नसुरक्षेचा १४ आकडी परवाना क्रमांक विचारा. गोटी लाकडी टोपणाने सरळ खाली दाबायची आणि दोन सेकंद तशीच धरायची, लगेच हात काढला तर फेस उडतो. ओतताना मानेवरचे दोन खळगे खालच्या बाजूला ठेवा. गोटी त्यांत अडकते आणि धार मोकळी राहते. खळगे वर राहिले की गोटी तोंडाशी येऊन बसते आणि बाटली उलटी करूनही काही येत नाही.