आधी विचार, मग शिकव

बाळा,

शिरोलीच्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) साच्याच्या वाळूवरच्या तुझ्या प्रशिक्षणाला बारा जुने मोल्डर, म्हणजे साचे भरणारे कामगार, हाताची घडी घालून बसले, "आम्हाला येतंय हे" म्हणाले, आणि तू मला विचारतोस की हजेरी पगारवाढीला जोडू का? जोडू नकोस. हजेरीचं रजिस्टर भरेल, वाळू होती तशीच राहील.

त्यांना येतंय हे खरंच आहे. पंचवीस वर्षं मुठीत वाळू दाबून ओल ओळखणाऱ्याला तू पडद्यावर 'ग्रीन सँड (साच्याची ओली वाळू) म्हणजे काय' दाखवलंस. तो आडमुठा नाही, दुखावलाय. आधी विचारायचं, मग सांगायचं. हे मला फार उशिरा उमगलं. तोवर ज्यांच्यापुढे मी नुसता बोलत सुटलो, त्यांची भरपाई आता होत नाही. म्हणून तुझ्यावर जरा चिडतोय, मनावर घेऊ नकोस.

हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये नेतृत्वाची जी मांडणी केली, तिचा गाभा एवढाच की माणूस त्या विशिष्ट कामात किती तयार आहे ते बघून आपली पद्धत बदलायची. ज्याला काम येतं पण इच्छा नाही, त्याला सूचना कमी आणि निर्णयात वाटा जास्त. यातला 'विशिष्ट कामात' हा शब्द सगळे विसरतात. तुझा मोल्डर वाळूत मुरलेला आहे, पण कॉम्पॅक्टिबिलिटीच्या, म्हणजे ठोकल्यावर वाळू किती दबते ते मोजायच्या, उपकरणापुढे नवशिका आहे. एकाच सकाळी त्याच माणसाला वाळूबद्दल विचारायचं आणि उपकरण मात्र पायरीपायरीनं दाखवायचं.

खोली सोड. शिफ्ट सुरू होताना वाळूच्या मिक्सरपाशी चार-पाच जणांना वीस मिनिटं घे, आणि तेवढ्या साच्यांचं टार्गेट सुपरवायझरकडून आधीच कमी करून घे. नाहीतर त्यांचं सगळं लक्ष साच्यांच्या आकड्यावर राहील. आता वाळू मुठीत दाबायला सांग. "अण्णा, कॉम्पॅक्टिबिलिटी किती येईल?" तो म्हणेल ४२. खडूनं फळीवर लिही. मग त्याच्याच हातानं कर: चाळणीतून नळी सैल भर, वर सपाट कर, तीन ठोके दे, उंची किती टक्के घटली ते वाच. तीच वाळू मोल्डिंगच्या जागी पोचल्यावर पुन्हा मोज. तिथं ३६ आला, तर गप्प राहा. "वाळू गरम हाय, वाटंत ओल उडाली," हे त्याला सांगू दे. मग विचार, अशा वाळूत काय होतं? साच्याच्या कडा ढासळतात, वाळू पडते, हे त्याला ठाऊक आहे. ओल जास्त झाली की ब्लो होल, म्हणजे ओतलेल्या मालात वायूच्या पोकळ्या, येतात, हेही. त्याच्या तोंडून आलेलं कारण तो दुपारपर्यंत चार जणांना सांगेल.

शिकायला तयार नसण्याची कारणं प्रत्येकाची वेगळी असतात, ती एकेकट्याला भेटून शोध. एखाद्याला आकडा चुकला तर आयटीआयच्या पोरांसमोर शोभा होईल ही भीती असते. त्याला आधी एकट्याला सराव दे, मग त्याच पोरांना शिकवायला उभा कर. दुसऱ्याला वाटतं, हे सगळं रिजेक्शन (बाद झालेला माल) आपल्या माथी मारायला चाललंय. त्याला नोंदवही उघडून दाखव. तिसऱ्यानं पॅटर्न (ज्याच्याभोवती वाळू दाबून साचा घडतो तो नमुना) झिजल्याचं चारदा सांगितलंय आणि कुणी हललं नाही. त्याच्याशी गोड बोलू नकोस, आठ दिवसांत पॅटर्न दुरुस्त कर. जमत नसेल तर का जमत नाही ते स्वतः जाऊन सांग.

लोक म्हणतात हा मवाळपणा आहे. नाही! वितळलेल्या लोखंडाजवळ मीही विचारत बसत नाही. ओला लॅडल (धातू ओतायचं भांडं) धातूत जाणार नाही, चष्म्याशिवाय कुणी ओतणार नाही, तिथं सरळ हुकूम. पण ते तेवढ्यापुरतंच. बाकी सगळीकडे आधी विचार.

सोमवारी, ज्यानं सगळ्यात जास्त विरोध केला त्याच्याकडे पहिल्यांदा जा. लॅपटॉप नको, वही ने. "कुठला पॅटर्न जास्त छळतोय?" एवढंच विचार आणि त्याच्याच शब्दांत लिहून घे. चहाच्या सुट्टीत मात्र जाऊ नकोस, ती दहा मिनिटं त्याची आहेत.